फुटलेला फोन आणि घरचा हिशेब

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणाच्या खर्चाविषयी आज मी आपल्यापुढे चार शब्द बोलणार आहे. फी, वह्या-पुस्तके, गणवेश आणि रिक्षाभाडे यांचा हिशेब आपल्या घरांतून ठेवला जातोच. आपल्या माता-भगिनी तर तो तोंडपाठ सांगतात. परंतु अलीकडे या यादीत एका खर्चाची भर पडली आहे आणि त्याचे नाव मात्र यादीत कोणी लिहीत नाही. तो खर्च म्हणजे मोबाइल फोनचा. फोन घेताना आपण नवी पेठेतील दहा दुकाने फिरतो. पण तोच फोन हातातून पडला, काच तडकली, की पुढे काय करावयाचे हे घाईने, रागाने किंवा लाजेने ठरते. दुरुस्त करावा, नवा घ्यावा, की आधीच त्याचा विमा उतरवावयास हवा होता? या तीन प्रश्नांचा शांतपणे हिशेब मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, फोन ही चैनीची वस्तू. तिच्यासाठी शैक्षणिक मेळाव्यात वेळ कशाला दवडावा? एके काळी हे म्हणणे बरोबर होते. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली, तेव्हा ते बदलले. वर्ग फोनवर भरू लागला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून धडा फोनवर दाखविण्याची कल्पना ज्यांनी रुजविली, ते रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याच जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवीत होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, हे आपणांस आठवत असेल. शाळा पुन्हा उघडल्या, तरी फोन काही दप्तरातून बाहेर पडला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन, गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी ओळख पटविण्यासाठी ओटीपी. हा ओटीपी ज्या फोनवर येतो, तो बंद पडला तर मुलाचे काय अडते, हे ज्या घरावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

यात आणखी एक बारीक अडचण आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. फोन हरवला आणि त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घेतले, तर सुरक्षिततेसाठी पहिले चोवीस तास त्यावर संदेश येत-जात नाहीत. म्हणजे अर्जाच्या शेवटच्या दिवशी नवे सिम आणून उपयोग नाही. ओटीपी दुसऱ्या दिवशी येणार आणि तोपर्यंत मुदत संपलेली असणार. एका काचेच्या किंवा एका खिशाच्या निष्काळजीपणाने शैक्षणिक वर्ष धोक्यात येऊ शकते ते असे. म्हणून हा विषय मी शिक्षणाचा समजतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सोलापूर हे मागाचे गाव आहे. १८७७ साली येथे जुनी गिरणी उभी राहिली, तेव्हापासून आपल्या वाडवडिलांनी यंत्रांशी संसार केला. धोटा तुटला म्हणून कोणी माग भंगारात घातला नाही. जॉबर यावयाचा, काय मोडले ते पाहावयाचा, तेवढा भाग बदलावयाचा आणि माग पुन्हा चालू व्हावयाचा. माग केव्हा काढून टाकावयाचा हेही तोच सांगे. फोनही एक यंत्रच आहे. त्याला काच आहे, पडदा आहे, बॅटरी आहे, चार्जिंगची पिन आहे आणि मदरबोर्ड आहे. यांतील पहिले चार भाग बदलता येतात. बहुतेक फोन या चारांपैकी एकाच भागामुळे 'गेला' असे आपण म्हणतो. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा: फोन गेला आहे, की त्याचा एक भाग गेला आहे?

आता आकड्यांकडे येतो. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या फोनचे खरे आकडे घालून प्रत्येकाने हिशेब करावा. समजा, फोन १५,००० रुपयांचा आहे. यात १८ टक्के जीएसटी आला, म्हणजे सुमारे २,२८८ रुपये केवळ कराचेच झाले. १ एप्रिल २०२० पूर्वी हा कर १२ टक्के होता. असा फोन तीन वर्षे, म्हणजे ३६ महिने टिकतो असे धरू. १५,००० ला ३६ ने भागा. उत्तर येते सुमारे ४१७. अर्थात नव्या फोनचे भाडे आपण दरमहा ४१७ रुपये देत असतो. विकत घेताना हे भाडे दिसत नाही, कारण ते एकदम दिलेले असते.

आता समजा, दीड वर्षाने पडदा फुटला आणि कारागिराने ४,५०० रुपये सांगितले. घरात लगेच बोलणे सुरू होते: "साडेचार हजार जुन्या फोनवर कशाला घालता? त्यात थोडे टाकून नवाच घ्या." हे 'थोडे' साडेदहा हजार असते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. येथे एक साधा भागाकार करावा. दुरुस्तीच्या खर्चाला नव्या फोनच्या दरमहा भाड्याने भागावे. ४,५०० भागिले ४१७, म्हणजे जवळजवळ ११. याचा अर्थ असा की, दुरुस्तीनंतर हा फोन अकरा महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर दुरुस्ती स्वस्त. त्याआधीच बंद पडणार असेल, तर नवा स्वस्त. दीड वर्षाचा, एरवी धडधाकट असलेला फोन आणखी अकरा महिने सहज चालतो. तेव्हा येथे निवाडा दुरुस्तीच्या बाजूने लागतो. केवळ बॅटरीच उतरली असेल आणि ती १,५०० रुपयांत बदलून मिळत असेल, तर चार महिन्यांतच खर्च भरून निघतो.

उलट बाजूही पाहा. घरात पाच वर्षांचा जुना फोन आहे. नवा तसाच ८,००० रुपयांना मिळतो, म्हणजे दरमहा सुमारे २२२ रुपये. दुरुस्तीला ३,५०० लागणार. भागाकार सांगतो की तो आणखी सोळा महिने चालला पाहिजे. पण त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणे बंद झाले आहे, बॅटरी दुपारपर्यंतही पुरत नाही आणि बँकेचे ॲप त्यात चालेनासे झाले आहे. अशा फोनवर साडेतीन हजार घालणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवे पत्रे घालणे होय. त्याला निरोप द्यावा. मदरबोर्डमध्ये पाणी शिरलेल्या फोनचेही बहुधा असेच असते. आज चालू होतो, महिन्याने पुन्हा बंद पडतो. या हिशेबात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मूळ फोनला किती पैसे पडले होते ते मधे आणू नये. "तीस हजारांचा फोन आहे, टाकवत नाही," असे आपण म्हणतो. ते तीस हजार गेले. प्रश्न आजच्या रुपयाचा आणि पुढच्या महिन्यांचा आहे.

दुरुस्ती करावयाची ठरली, तर कारागिराला नेमके काय विचारावे? पहिले, केवळ वरची काच गेली आहे की आतला पडदाही गेला आहे? चित्र स्वच्छ दिसत असेल आणि बोटाचा स्पर्श सर्वत्र चालत असेल, तर काही फोनांत नुसती काच बदलून भागते. पूर्ण पडदा, ज्याला बाजारात 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात, तो बदलावा लागत नाही. दुसरे, बसविणार तो भाग कंपनीचा की नकली? नकली पडदा स्वस्त असतो, पण त्याचा उजेड कमी, स्पर्श मंद आणि कधी कधी बॅटरीचा खर्च अधिक. नकली घेऊच नये असे मी म्हणत नाही. मात्र अस्सलाच्या किमतीत नकली घेऊ नये. तिसरे, बिलावर भागाचे नाव, प्रकार आणि किती दिवसांची हमी हे लिहून घ्यावे. चौथे, फोनची वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात दर विचारावा. बाहेर उघडलेल्या फोनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

फोन दुसऱ्याच्या हाती देताना आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे त्याच्या हाती जाऊ नयेत, ही चिंता पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना वाटते आणि ती रास्त आहे. त्यासाठी फोन टाकून देण्याचे कारण नाही. सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घ्यावे, आतील सर्व गोष्टींची दुसरीकडे प्रत ठेवावी आणि शक्य असेल तर फोन पुसून कोरा करून द्यावा. सॅमसंगच्या अनेक फोनांत 'मेंटेनन्स मोड' आणि गुगलच्या पिक्सेल फोनांत 'रिपेअर मोड' अशी सोय आहे. ती चालू केली की कारागिराला फोन तपासता येतो, आपली माहिती दिसत नाही. काम डोळ्यांदेखत होणार असेल तर अर्धा तास दुकानात बसावे.

आता विम्याकडे येऊ. फोन विकत घेताना काउंटरवरचा मुलगा हसतमुखाने म्हणतो, "थोडे अधिक द्या, वर्षभर निर्धास्त राहा." आपण 'हो' म्हणतो, पण काय घेतले ते विचारीत नाही. चार निरनिराळ्या गोष्टींना लोक सरसकट 'विमा' म्हणतात. पहिली, कंपनीची वॉरंटी. ही बहुधा एक वर्षाची असते आणि बनावटीतील दोषापुरतीच असते. पडणे, आपटणे, पाणी शिरणे यांत ती लागू होत नाही. दुसरी, वाढीव वॉरंटी. हिच्यात मुदत वाढते, जबाबदारी वाढत नाही. पैसे भरूनही पडलेला फोन हिच्यात बसत नाही. तिसरी, अपघाती नुकसानीची योजना. हिच्यात पडदा फुटणे येते, काहींत पाणीही येते. चौथी, खरी विमा पॉलिसी, जिच्यावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक छापलेला असतो. पैसे देण्यापूर्वी या चारांपैकी आपल्याला काय मिळत आहे, एवढे तरी विचारावे.

त्यानंतर अटी वाचाव्यात. प्रत्येक दाव्यात स्वतःचा वाटा किती भरावा लागेल? वर्षातून किती दावे चालतील? फोन जुना होत जाईल तसा घसारा किती कापणार? चोरी धरली आहे काय? धरली असली, तरी निव्वळ हरवलेला फोन बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. घटना घडल्यापासून किती वेळात कळवावयाचे? बिलावरचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक आणि फोनमधील क्रमांक एकच आहे ना? फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो क्रमांक दिसतो. तो आजच डायरीत लिहून ठेवावा. या बहुतेक योजना फोन घेतल्यापासून ठरावीक दिवसांतच घेता येतात, हेही लक्षात असू द्यावे.

विमा परवडतो की नाही, याचाही हिशेब आहे. समजा, त्याच १५,००० च्या फोनसाठी वर्षाला १,२०० रुपयांची योजना आहे आणि दाव्याच्या वेळी स्वतःचे ५०० भरावयाचे आहेत. पडदा ४,५०० चा, म्हणजे फुटला तर आपला फायदा ४,०००. आता १,२०० हे ४,००० चे तीस टक्के. दहा घरांनी दहा फोन घेतले आणि वर्षात त्यांतले तीन फुटले, तर दिलेले आणि मिळालेले सारखे होते. त्याहून कमी फुटले तर घरे मिळून तोट्यात. अधिक फुटले तर फायद्यात. योजना विकणाऱ्याला आपला खर्च आणि नफाही यातूनच काढावयाचा असतो, म्हणून दर ठरविताना तो फुटणाऱ्या फोनांपेक्षा थोडे जास्तच धरून चालणार, हे उघड आहे.

याच हिशेबात तीन वर्षे मोजून पाहा. योजना दर वर्षी घेतली, तर ३,६०० रुपये गेले. फोन एकदाही फुटला नाही, तर ते ३,६०० परत येत नाहीत. एकदा फुटला, तर योजनेत एकूण ४,१०० लागले आणि योजनेविना ४,५०० लागले असते. फरक अवघा चारशेचा. दोनदा फुटला, तर योजनेत ४,६०० आणि योजनेविना ९,०००. यावरून आपणच ठरवा. ज्याच्या हातून फोन वारंवार पडतो, जो रोज गाडीवर लांब हिंडतो, ज्याचा फोन फार महाग आहे आणि पडदा पंधरा-वीस हजारांचा आहे, त्याने योजना घेणे शहाणपणाचे. ज्या घराला साडेचार हजार एकदम काढणे अशक्य आहे आणि त्यासाठी व्याजाने कर्ज किंवा दागिना गहाण हाच मार्ग आहे, त्यानेही ती घ्यावी. कारण जे नुकसान आपल्याला पेलत नाही, त्याच्यापुरता विमा असतो. ज्याला नुकसान पेलते आणि ज्याचा हात सावध आहे, त्याने ते बाराशे स्वतःजवळ ठेवावेत.

विम्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, याची मला जाणीव आहे. काहींना त्यात व्याज आणि अनिश्चिततेची शंका वाटते. हा प्रश्न मी येथे सोडवू शकत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी जाणत्या आलिमांना विचारावे. मात्र परस्परांनी वर्गणी काढून एकमेकांचे नुकसान भरून द्यावे, हा विचार आपल्याला परका नाही. त्याच तत्त्वावर सुदानमध्ये १९७९ साली तकाफुल कंपनी निघाली आणि मलेशियाने १९८४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्या मोहल्ल्यांत स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या भिशी चालवीत आल्या आहेत, तीही याच वाटेवरची.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी. ज्या घराने योजना घेतली नाही, त्याने फोन घेतल्याच्या दिवसापासून दरमहा शंभर रुपये वेगळे ठेवावेत. तीन वर्षांत ३,६०० होतात. फोन फुटला नाही, तर तेच पैसे पुढच्या फोनला किंवा फीला उपयोगी पडतात. या उपायात एक उणीव आहे. फोन तिसऱ्याच महिन्यात फुटला, तर डब्यात फक्त तीनशे असतात. म्हणून ओळखीच्या दहा घरांनी मिळून ही शिल्लक ठेवावी. दहा घरांचे महिन्याला एक हजार होतात. ज्याचा फोन आधी फुटेल, त्याला त्यातून कर्जे हसना म्हणून, व्याजाविना, रक्कम द्यावी आणि त्याने ती हप्त्यांनी परत करावी. हिशेब वहीत लिहावा आणि सर्वांनी पाहावा; तोंडी व्यवहाराने नाती तुटतात.

हप्त्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. नवा फोन 'शून्य टक्के व्याजाच्या' हप्त्यांवर घेण्याची टूम आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते. व्याज कोठे तरी दडविलेले असते, कधी प्रक्रिया शुल्कात, कधी न दिलेल्या सवलतीत. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: "रोख दिले तर किती?" दोन आकड्यांतील फरक म्हणजे तुमचे व्याज. आणि सर्वांत वाईट प्रसंग कोणता? फोन हप्त्यांवर आहे, विमा नाही, शिल्लक नाही आणि चौथ्या महिन्यात फोन चोरीला गेला. फोन गेला तरी हप्ते थांबत नाहीत. हप्त्यांवरच घ्यावयाचा असेल, तर हप्ते संपेपर्यंत चोरीसह पूर्ण संरक्षण घ्यावे, नाही तर स्वस्त फोन रोखीने घ्यावा.

जुना, दुरुस्त करून विकलेला फोन घेणे हा तिसरा मार्गही चांगला आहे; मात्र बिल आणि लेखी हमी घ्यावी. तो फोन चोरीचा नाही ना, हे पाहण्याची सोय सरकारने केली आहे. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून आयएमईआय क्रमांक टाकावा आणि १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवावा. फोन काळ्या यादीत असेल तर घेऊ नये. आपलाच फोन चोरीस गेला, तर पोलिसांत तक्रार करावी, त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे आणि 'संचार साथी'वर आयएमईआय बंद करण्याचा अर्ज भरावा. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम आपल्या महाराष्ट्रात प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर लागू झाली. बँकेलाही तत्काळ कळवावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर १९३० वर फोन करावा.

योजना घेतली आणि दावा नाकारला गेला, तर गप्प बसू नये. विमा पॉलिसी असेल, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्यावे. महिन्याभरात उत्तर न आले किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे दाद मागता येते. सोलापूर त्यांच्याच कक्षेत येते आणि तेथे शुल्क नाही. विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५ आहे. विमा नसून दुकानाची किंवा कंपनीची योजना असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला; त्यानुसार आपण जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते आणि वस्तूला दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल मात्र जपून ठेवलेले पाहिजे. त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. फोनच गेल्यावर ते कोठून काढणार?

दुरुस्ती महाग का, याचेही कारण समजून घ्यावे. पूर्वी फोनचे झाकण नखाने उघडे. आता बॅटरी चिकटवलेली असते आणि सुटे भाग सहज मिळत नाहीत. याविरुद्ध जगभर आवाज उठला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोन किती दुरुस्त होण्याजोगा आहे याचे गुण ग्राहकाला दाखविणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम केला की, फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरल्यावरही तिची ८० टक्के शक्ती शिल्लक असली पाहिजे. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे पोर्टल सुरू केले आणि अशाच गुणांकनाविषयी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. विद्यार्थी मित्रांनो, हातात हुन्नर असेल तर या क्षेत्रात काम आहे. पडदा बदलणारे पुष्कळ आहेत. मदरबोर्डवरचा बिघाड शोधणारे थोडे आहेत.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती मात्र न करावी लागणारी. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि लिथियम बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही. दुपारी दुचाकीच्या हँडलवर किंवा पत्र्याखालच्या खिडकीत फोन ठेवू नये. मागाच्या खोलीत उडणारा सुताचा तूस चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतो. फोन चार्ज होत नाही आणि पिन गेली असे वाटते. फोन बंद करून लाकडी काडीने तो हलकेच काढला, तर पुष्कळदा पैसे वाचतात. पाण्यात पडलेला फोन तांदळात पुरू नये, त्याचे कण आत जातात. तो बंद करून, कोरडा पुसून, वाऱ्यावर ठेवावा. बॅटरी फुगली असेल तर ती टोचू किंवा दाबू नये, तो फोन वापरणे तत्काळ थांबवावे. दोनशे रुपयांचे कव्हर आणि वरची काच हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. घरात दोन फोन फुटले, तर आधी कोणाचा दुरुस्त होतो? वडिलांचा धंद्याचा म्हणून आणि मुलाचा हट्टाचा म्हणून. मुलीचा फोन "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहतो आणि तिचा अर्ज, तिचे वर्ग, तिची परीक्षा पुढच्या महिन्याची वाट पाहत नाहीत. पालकहो, या हिशेबात कोणाचे काम कधी अडते हा रकानाही असू द्या. आणि मुलांनो, फोन फुटला तर तो चार दिवस लपवू नका. आईवडील रागावतील, पण अर्जाची तारीख गेल्यावर त्यांचा राग गेला तरी तारीख परत येत नाही. वडीलधाऱ्यांनीही एवढे रागावू नये की मूल सांगायलाच भिईल.

संस्थेच्या चालकांनाही एक विनंती करतो. ज्या घरांत चालू स्थितीतील जुना फोन पडून आहे, त्यांनी तो पुसून, कोरा करून संस्थेकडे द्यावा. प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत ज्याचा फोन बंद पडला त्याला आठ दिवसांपुरता, नोंदवहीत सही घेऊन, तो द्यावा. आपले सिम त्यात घातले की ओटीपी येतो आणि काम होते. असे चार फोन कपाटात असले, तर चार मुलांचे वर्ष वाचू शकेल.

आज घरी गेल्यावर निदान दोन कामे करा: फोनचा आयएमईआय क्रमांक डायरीत लिहा आणि बिल मुलांच्या शाळेच्या दाखल्यांसोबत ठेवा.